नांगराआधीचे ताट

अश्मयुगातील माणूस जे खात असे तेच मानवजातीचे खरे अन्न होय, धान्य, दूध आणि साखर हे सगळे मागाहून आलेले उपरे आहेत, असे मानणारा एक पंथ गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांत उदयास आला आहे. त्याचा इतिहास फार जुना नाही. वॉल्टर व्हेग्टलिन या अमेरिकन पोटविकारतज्ज्ञाने 1975 साली अश्मयुगीन आहारावर एक पुस्तक काढले. बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघा संशोधकांनी 1985 साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्याच विषयावर लेख लिहून त्याला विद्वत्तेची बैठक दिली, आणि लॉरेन कॉर्डेन यांच्या 2002 सालच्या ग्रंथाने ‘पॅलिओ’ हा शब्द घरोघर पोहोचविला. मांस, मासे, अंडी, कंदमुळे, फळे, पालेभाज्या आणि कठीण कवचाची फळे एवढेच पानात वाढावे, गहू, तांदूळ, डाळी, दूध आणि साखर यांना स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देऊ नये, हा या पंथाचा आचारधर्म. त्याच्या पाककृतींची पुस्तके निघाली. बदामाच्या पिठाचे केक, खजुराच्या गोळ्या, नारळाच्या दुधातील कालवणे अशा पदार्थांनी ती भरलेली असतात. अश्मयुगातील कोणत्याही एका माणसाला हे सर्व जिन्नस एकाच रानात मिळाले असते की काय, हा प्रश्न त्या पुस्तकांत सहसा विचारला जात नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला या मताचा सर्वस्वी स्वीकार करता येत नाही. इस्रायलमधील गालील सरोवराच्या काठी ओहालो येथे सुमारे 23,000 वर्षांपूर्वीची एक वसाहत सापडली. तिच्या झोपड्यांत रानटी जवाचे दाणे आणि ते भरडण्याचा दगड मिळाला. शेतीचा शोध लागण्यापूर्वी हजारो वर्षे माणूस रानातील तृणधान्य वेचून, भरडून, शिजवून खात होता, याचा हा धडधडीत पुरावा होय. मग त्या काळी धान्य निषिद्ध होते असे कसे म्हणावे? आपल्या नर्मदाखोऱ्याकडे वळले तर पूर्वीच्या होशंगाबादनजीक आदमगड येथील उत्खनन डोळ्यांपुढे येते. डॉ. र. वि. जोशी यांनी 1960-61 च्या सुमारास केलेल्या या उत्खननात सूक्ष्मास्त्रांबरोबर सांबर, बारशिंगा, चितळ, ससा, साळिंदर आणि घोरपड यांची हाडे निघाली, आणि त्याच थरांत गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या यांचीही. शिकार करणारा आणि गुरे राखणारा अशी दोन वेगळी माणसे तेथे दिसत नाहीत. भीमबेटका येथील शैलचित्रे 1957 साली विष्णु श्रीधर वाकणकर या मराठी संशोधकाने उजेडात आणली. त्यांत मृगयेची दृश्ये आहेत, तशी मधाची पोळी उतरविणाऱ्या माणसांचीही आहेत. गोडाची हौस साखरेपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

परंतु एवढ्यावरून या विषयाला हसून वाटेला लावणेही योग्य नाही. नांगर धरण्यापूर्वीचे अन्न ही केवळ पुस्तकी कल्पना नव्हे. मध्य भारतातील रानांत ते अन्न विसाव्या शतकातही रोजच्या जेवणात होते आणि त्याचा बराचसा अंश अद्यापि आहे. त्यासाठी तिरोडीच्या परिसराकडे पाहिले पाहिजे.

भंडारा जिल्ह्यातील तुमसर रोड स्थानकाहून रेल्वेचा एक फाटा उत्तरेकडे निघतो, डोंगरी बुजुर्गवरून पुढे जातो आणि बावनथडी नदी ओलांडून मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात तिरोडीला पोहोचतो. हा लोहमार्ग पडला तो मँगनीजसाठी. तिरोडीची खाण देशातील जुन्या मँगनीज खाणींपैकी एक होय. येथे सापडलेल्या एका खनिजाला 1938 साली गावाच्या नावावरून ‘तिरोडाइट’ असे नाव मिळाले, आणि या भागातील अतिप्राचीन खडकालाही भूशास्त्रज्ञ ‘तिरोडी नाइस’ म्हणतात. म्हणजे जगातील खडकांच्या अभ्यासकांना ठाऊक असलेले हे नाव मराठी वाचकाला मात्र क्वचितच ठाऊक असते. बालाघाट जिल्हा निर्माण झाला 1867 साली, भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे एकत्र करून. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा भंडारा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. नदीच्या दोन्ही तीरांवर तोच भात, तेच तलाव आणि तीच मोहाची झाडे असताना सीमारेषा मध्येच पडली. झाडीबोलीतील रानभाज्यांची नावे मात्र सीमा ओलांडून दोन्हीकडे चालत राहिली.

या रानातले वर्ष सुरू होते ते मोहफुलापासून. फाल्गुन सरता सरता झाडाची पाने झडून जातात आणि उत्तररात्रीपासून पहाटेपर्यंत फिकट पिवळी, मांसल फुले टपटप खाली पडू लागतात. बायका-मुले टोपल्या घेऊन उजाडण्यापूर्वीच झाडाखाली जातात, कारण ऊन चढले की गुरे आणि हरणे वाटेकरी होतात. अस्वल तर त्याआधीच येऊन गेलेले असते. फुले अंगणात वाळवितात. वाळलेल्या फुलाचा रंग मनुकेसारखा तांबूस होतो आणि त्याच्या वजनाचा निम्म्याच्या जवळपास भाग निव्वळ साखरेचा असतो. त्यांचे लाडू करण्याची रीत अगदी साधी आहे. वाळलेली फुले हातावर चोळून आतले केसर काढून टाकावेत, फुले दोन पाण्यांनी धुऊन पुन्हा सुकवावीत, मंद विस्तवावर मातीच्या खापरात ती फुगून खमंग वास येईतो परतावीत. निराळ्या भांड्यात तीळ किंवा जवस भाजून घ्यावेत. मग दोन्ही एकत्र उखळात कांडावे. फुलांच्या चिकटपणानेच गोळा जमून येतो. गूळ नको, तूप नको, पीठही नको. हे लाडू पुष्कळ दिवस टिकतात आणि रानात जाणाऱ्या माणसाच्या पदरात बांधून देता येतात. पॅलिओ पंथाच्या पुस्तकांतील खजुराच्या गोळ्यांशी त्यांची तुलना केली तर मोहाचा लाडू कोणत्याच बाबतीत उणा ठरत नाही, आणि तो आपल्या मातीतला आहे.

फुलांमागोमाग ज्येष्ठात मोहाची फळे येतात. झाडीपट्टीत त्यांना टोळ म्हणतात. कोवळ्या टोळांच्या सालीची भाजी होते. बियांचे तेल काढतात. थंडीत हे तेल लोण्यासारखे घट्ट होते आणि तेच येथील गोंड घरांत तळणासाठी वापरत. पेंड उरते ती विषारी. ती पाण्यात टाकली की मासे गुंगून वर येतात. एकाच झाडाने साखर, भाजी, तेल आणि मासळी इतक्या गोष्टी पुरवाव्यात, असे उदाहरण दुसरे कोणते दाखविता येईल?

वैशाखात चाराची काळी लहान फळे पिकतात. वरचा गर मुले खातात, आणि आतली कवची जात्यावर हलक्या हाताने फोडून जी निघते ती चारोळी. शहरातल्या श्रीखंडावर आणि बासुंदीत ती शोभेपुरती पडते, पण रानात ती खरे अन्न होती. तिच्यात निम्म्याच्या आसपास तेल असते. मीठ मिळविण्यासाठी ती किती स्वस्तात देऊन टाकावी लागे, याच्या कथा मध्य भारताच्या आठवडी बाजारांतून पुष्कळ ऐकू येतात, आणि त्या ऐकताना श्रीखंडाची चव थोडी कमी होते. टेंभुर्णीची फळे त्याच सुमारास येतात. बिब्ब्याच्या झाडाची गोडंबी मात्र काढणाऱ्याची परीक्षा पाहते. तिच्या टरफलातील तेल अंगाला लागले तर फोड उठतात, म्हणून बिब्बे राखेत भाजून, हाताला राख चोळून ते फोडावे लागतात.

पाऊस पडला की तरोट्याचा कोवळा पाला, मग बांबूचे कोंब. यांना इकडे वास्ते म्हणतात. वास्ते कच्चे खाणे धोक्याचे, कारण त्यांत एक जहाल द्रव्य असते. ते सोलून, बारीक चिरून, पाणी पुनःपुन्हा बदलून उकळावे लागतात, तेव्हा ते निवळतात. मग मीठ आणि थोडे तेल एवढ्यावर भाजी होते. श्रावणात वारुळांवर सात्या उगवतात, तसेच काटवले, बांधांतील खेकडे आणि धानाच्या पाण्यातील लहान मासे. हिवाळ्यात वेली सुकल्या की कंद खणण्याचे दिवस येतात. त्यांतला बैचांदीचा कंद विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. तो तसाच खाल्ला तर घसा जळतो, पोट बिघडते, माणूस दगावूही शकतो. त्याचे पातळ काप करून, राखेच्या पाण्यात उकळून, टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात ठेवतात, तेव्हा विष वाहून जाते आणि उरते ते शुद्ध पिठूळ अन्न. वाळविलेले हेच काप उपवासाचा पदार्थ म्हणून जबलपूरकडील बाजारांत विकले जात. कोणत्या कंदाला किती पाणी आणि किती वेळ, हे ज्ञान लिहून ठेवलेले नव्हते. ते चुकले असते तर शिकविणाराच उरला नसता.

तिरोडीच्या आसपास वस्ती मुख्यतः गोंडांची आणि कुणबी, पोवार वगैरे शेतकऱ्यांची. याच जिल्ह्याच्या ईशान्येस बैहरचे पठार आहे, आणि तेथून मैकल पर्वताच्या रांगांत बैगा राहतात. नांगराआधीच्या अन्नाचा विचार या लोकांना वगळून होऊच शकत नाही, कारण नांगर न धरणे हा त्यांचा धर्म होता. 1932 साली व्हेरिअर एल्विन हा इंग्रज आणि शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती तरुण, दोघेही पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले, मैकल पर्वतातील करंजिया या गावी जाऊन राहिले. एल्विन यांचा ‘द बैगा’ हा ग्रंथ 1939 साली प्रसिद्ध झाला. त्याला जगभर कीर्ती मिळाली. हिवाळे यांचा परधानांवरील 1946 सालचा ग्रंथ मात्र मराठी वाचकही विसरला, ही खेदाची गोष्ट आहे. बैगांच्या समजुतीप्रमाणे धरती ही माता, आणि नांगराचा फाळ तिच्या छातीत घुसविणे हे पाप. म्हणून ते झाडे तोडून वाळवीत, उन्हाळ्याच्या अखेरीस जाळीत, आणि पहिल्या पावसात त्या राखेवर कोदो, कुटकी, तूर, काकडी असे सरमिसळ बी टाकीत. तीनेक वर्षांनी ती जागा सोडून पुढे जात. या पद्धतीचे नाव बेवर. कुऱ्हाड आणि हात याखेरीज तिला अवजार नाही, बैलही नाही. कुटकीची पातळ पेज, रानभाजी, कंद, मोहफूल, मासा आणि क्वचित शिकार, हे बैगाचे रोजचे जेवण. पॅलिओ पंथातील कर्मठ मनुष्य या पेजेवर आक्षेप घेईल. पण ओहालोच्या झोपडीतला मनुष्य तो घेणार नाही.

येथे महाराष्ट्रातील घराघरांत चालणारी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. भाद्रपदात ऋषिपंचमीच्या दिवशी व्रत करणाऱ्या स्त्रिया बैलाच्या श्रमाचे काही खात नाहीत. नांगरलेल्या शेतातले धान्य त्या दिवशी वर्ज्य. परसातले अळू, माठ, पडवळ, दोडका, सुरण, भोपळा, मक्याचे कणीस आणि चिंच एकत्र शिजवून जी भाजी होते ती ऋषींची भाजी. कित्येक घरी तिला फोडणीही देत नाहीत. मैकल पर्वतातील बैगा आणि पुण्या-मुंबईची गृहिणी यांचा एकमेकांशी संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा, तसा पुरावा नाही. तरी नांगर आणि बैल यांच्या अगोदरचे जेवण पवित्र मानावे, ही भावना दोन इतक्या दूरच्या ठिकाणी जिवंत राहावी, हे विलक्षण आहे. अर्थात त्या भाजीतले मक्याचे कणीस आणि तिखटाची मिरची कोलंबसानंतर अमेरिकेतून आली. उपवासाच्या फराळाचे तर विचारूच नये. बटाटा, रताळे, शेंगदाणा, राजगिरा आणि ज्यापासून साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे सारे त्याच खंडाचे पाहुणे. प्राचीन म्हणून मिरविणारे ताट बहुधा असेच निघते. बैचांदीचा काप त्या मानाने अस्सल.

मग हे अन्न मागे का पडले? लोकांना ते आवडेनासे झाले, असे उत्तर सहज दिले जाते. ते अपुरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या अन्नाच्या कोठाराला कुलूप लागले. रेल्वेच्या रुळांखाली घालण्यासाठी सालाचे लाकूड हवे होते, आणि बेवराने ते जळून जाते, असे सरकारी मत होते. 1878 च्या वनकायद्याने राखीव रानांची व्यवस्था कडक झाली. बेवरावर क्रमाक्रमाने बंदी आली, आणि 1890 साली मंडला जिल्ह्यातील सुमारे 24,000 एकरांचा ‘बैगा चक’ तेवढा बैगांना राखून दिला गेला. त्या वर्तुळाबाहेर राहणाऱ्या बैगाने नांगर धरावा किंवा मजुरी करावी. पूर्वजांची रीत पाळणे हा आता गुन्हा झाला.

मोहफुलाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. ते अन्न आहे, आणि त्याची दारूही होते. अबकारीच्या उत्पन्नाकडे डोळा ठेवणाऱ्या सरकारला त्यात दारूच दिसली. मुंबई सरकारने 1892 साली खास मोहफुलासाठी कायदा केला, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत हे फूल बाळगण्यावर व विकण्यावर बंधने घातली. ज्या कातकरी व ठाकर कुटुंबांच्या कणगीत ते भाकरीला जोड म्हणून साठविलेले असे, त्यांना आपल्या कणगीचा जबाब द्यावा लागू लागला. तिळाबरोबर कांडलेल्या लाडवाला कोणताही कायदा ओळखत नव्हता.

आणि तरीही दुष्काळ पडला की याच रानाची आठवण होई. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला, पहिल्यात बालाघाट जिल्ह्याला फार मोठी झळ लागली. त्या वेळी रानातील कंदमुळे आणि फळे गोळा करण्यास सरकारने मुभा दिली. एरवी ज्या कारणासाठी दंड होई तेच संकटात मदतकार्य ठरले. रानातले अन्न खाऊन माणूस जगतो, हे सरकारला माहीत नव्हते, असे यानंतर कोणी म्हणू शकत नाही.

खाणींनी उरलेले काम केले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तिरोडी परिसरातील माणूस रोख मजुरीवर जाऊ लागला. पहाटे मोहाखाली जाणारे हात खडक फोडू लागले, आणि रोख पैशाने बाजारातला तांदूळ, मीठ, पुढे चहा व साखर घरात आली. यात मजुराला दोष देण्यासारखे काही नाही. वास्ते निवळायला अर्धा दिवस लागतो, कंदाला दोन दिवस, आणि खाणीची पाळी कोणासाठी थांबत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या कान्हाच्या रानातून बैगा आणि गोंडांची गावे मात्र उठविली गेली, आणि त्याबरोबर त्या त्या ओढ्याकाठच्या कंदांची माहितीही विस्कटली.

वारा थोडा फिरला तो 2006 च्या वनहक्क कायद्याने. गौण वनोपजावर, म्हणजे मोह, चारोळी, मध, कंद यांवर, रानात राहणाऱ्या लोकांची मालकी या कायद्याने मान्य केली. जुन्या बैगा चकातील काही गावांना त्यापुढे अधिवासाचे हक्कही मिळाले. महाराष्ट्र शासनाने मोहफुले गोळा करणे, साठविणे आणि वाहून नेणे यांवरील निर्बंध उठविले ते 2021 साली, म्हणजे मुंबईच्या त्या कायद्यानंतर तब्बल 129 वर्षांनी. मध्य प्रदेश शासनाने त्याच सुमारास मोहाच्या दारूला ‘वारसा’ म्हणून मान्यता देण्याचे धोरण आखले. लाडवाचा वारसा अजून कोणी जाहीर केलेला नाही.

तो लाडू मात्र वेगळ्या वाटेने परत येत आहे. पूर्वी फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळीत. त्या वणव्याने रान पेटे, आणि फुलांत राख व माती मिसळे. आता मध्य प्रदेशाच्या काही रानांत झाडाखाली, जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर जाळी बांधतात. फूल मातीला न लागता जाळीत पडते. खाण्यासाठी निराळे काढलेले असे स्वच्छ फूल दारूच्या फुलाहून चढ्या भावाने विकले जाते, आणि त्याची बिस्किटे, लोणची व लाडू होतात. पहाटे जाळीजवळ मुलांना बसवावे लागते, कारण हरणे आणि अस्वले अजून येतातच.